तारीख धरली, ढकलली, मोडली: लग्नाच्या फोटोग्राफरचा अ‍ॅडव्हान्स कोणाचा?

लग्नाच्या फोटोग्राफरच्या कोटेशनमध्ये पॅकेजचे आकडे ठळक असतात आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात एक ओळ असते: ‘बुकिंगची रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.’ कार्यालय, केटरर, आहेर, पत्रिका अशी पन्नास कामे अंगावर असलेल्या घरात ती ओळ सहसा कोणी वाचत नाही. वाचली तरी ‘शुभकार्याच्या तोंडी मोडण्याची भाषा कशाला’ म्हणून विषय तिथेच मिटतो. पुढे आजोबा जातात, मुलाची परदेशातली रजा नामंजूर होते, किंवा साखरपुड्यानंतर दोन घरांचे बिनसते. मग आधीच दुखावलेल्या घराला त्या एका ओळीवरून फोटोग्राफरशी हुज्जत घालावी लागते.

त्या वेळी दोन्ही बाजू चुकीच्या टोकावरून बोलतात असे मला वाटते. ग्राहक म्हणतो, ‘काम झालेच नाही तर पैसे कसले?’ फोटोग्राफर म्हणतो, ‘लिहून दिले होते, विषय संपला.’ कायदा यातले कोणतेच टोक जसेच्या तसे मान्य करत नाही. तारीख मोकळी झाल्यामुळे कोणाचे खरोखर किती नुकसान झाले, हा त्याचा प्रश्न आहे. रद्द करण्याच्या आणि परताव्याच्या अटी त्याच प्रश्नाच्या कसोटीवर घासून पाहायला हव्यात.

आधी फोटोग्राफरची बाजू, कारण ती ग्राहकाला फारशी दिसत नाही. तो फोटो आणि अल्बम देतो हे खरे, पण बुकिंगच्या दिवशी तो विकतो ती तारीख. आपल्याकडे लग्नाच्या तारखा वर्षभर सारख्या पसरलेल्या नसतात. तुळशीचे लग्न लागले की हंगाम उघडतो, पौषात अनेक घरे थांबतात, माघ-फाल्गुनात पुन्हा वेग येतो, वैशाख-ज्येष्ठात कार्यालये भरून वाहतात आणि चातुर्मासात बहुतेक घरे लग्न टाळतात. त्यातही गुरू-शुक्राचा अस्त पाळला जातो. २०२४ च्या मे आणि जून महिन्यांत शुक्र आणि काही काळ गुरूही अस्तंगत होता, त्यामुळे ऐन उन्हाळी सुट्टीत पंचांगातले मुहूर्त जवळजवळ नाहीसे झाले. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे पुन्हा भर हंगामाला कात्री. मुहूर्त मोजके असले की पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर सगळीकडे लग्ने त्याच दिवशी येतात. एका स्टुडिओला त्या दिवशी एक किंवा फार तर दोन कामे घेता येतात, आणि ‘अमुक तारीख दिली’ म्हटले की बाकीच्यांना नाही म्हणावे लागते.

शिवाय आजचे लग्नाचे काम एका माणसाचे राहिलेले नाही. ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कँडिड, सिनेमॅटिक, ड्रोन अशी चार-पाच माणसे लागतात. त्यांतली निम्मी फ्रीलान्स, दिवसाच्या बोलीवर येणारी. स्टुडिओने तारीख घेतली की तो या मुलांना शब्द देतो, चांगल्यांना आगाऊ पैसेही देतो. लग्न दहा दिवसांवर आले असताना रद्द झाले तर त्या मुलांचाही दिवस बुडतो.

हे सगळे मान्य केले की ‘काम झाले नाही तर पैसे कसले’ हे वाक्य टिकत नाही. पण याच हिशेबाने फोटोग्राफरची ओळही टिकत नाही. लग्न आठ महिने आधी रद्द झाले आणि तीच तारीख महिन्याभरात दुसऱ्या घराने घेतली, तर नुकसान काय झाले? दोन बैठकींचा वेळ आणि काही फोन. दहा दिवस आधीचे रद्द होणे आणि आठ महिने आधीचे रद्द होणे यांना एकच दंड लावणारी अट आळशी आहे. तिने कोणताच हिशेब केलेला नसतो.

छापील ओळीला कायद्यात किती वजन

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ७४ मध्ये या प्रश्नाचे जवळजवळ सगळे उत्तर आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल किंवा जप्त होईल असे लिहिलेले असले, तरी समोरच्याला मिळते ती ‘वाजवी भरपाई’. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. म्हणजे करारातला आकडा छत ठरवतो, आपोआप मिळणारी रक्कम ठरवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेहचंद खटल्यात हेच तत्त्व आधी भरलेल्या रकमेच्या जप्तीलाही लावले. पुढे २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात ते आणखी स्पष्ट झाले: नुकसान झालेलेच नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही. नुकसान झाले आहे पण त्याचा नेमका आकडा काढणे अवघड आहे, अशा वेळी मात्र दोघांनी प्रामाणिक अंदाजाने आधी ठरवलेला आकडा ग्राह्य धरता येतो.

फोटोग्राफरच्या व्यवहाराला यातले शेवटचे वाक्य फार लागू पडते. मोक्याच्या मुहूर्ताची तारीख हातची गेली, तिच्यासाठी किती चौकश्या परत पाठवल्या, त्यांतली किती कामे खरोखर मिळाली असती, हे सिद्ध करणे कठीण आहे. म्हणून आधी ठरवलेल्या, प्रमाणात असलेल्या कपातीला कायद्यात जागा आहे. सरसकट सगळी रक्कम गिळणाऱ्या अटीला ती जागा फार अरुंद आहे.

दुसरा भेद इसार आणि अ‍ॅडव्हान्स यांचा. घर-जमिनीच्या व्यवहारातली इसार पावती आपल्याला ठाऊक असते. इसार हे करार पाळण्याचे तारण; घेणाऱ्याने पाठ फिरवली तर तो जातो. अ‍ॅडव्हान्स म्हणजे एकूण किमतीचा आधी दिलेला हप्ता. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात सांगितले की जप्तीची अट इसाराला लागते आणि ती करारात स्पष्ट हवी. रक्कम केवळ किमतीचा भाग म्हणून दिली असेल तर ती त्या अटीखाली येत नाही. आता बहुतेक कोटेशन पाहा. ‘५० टक्के अ‍ॅडव्हान्स, ३० टक्के लग्नाच्या दिवशी, २० टक्के अल्बम देताना.’ हे उघडउघड हप्ते आहेत. अर्धे पॅकेज हे तारण होते असे नंतर म्हणणे फोटोग्राफरला जड जाईल. त्याला खरोखर तारण हवे असेल तर त्याने लहान रक्कम वेगळी काढून ‘तारीख राखण्याचे शुल्क’ असे स्वच्छ लिहावे आणि उरलेल्या हप्त्यांचे नियम वेगळे ठेवावेत.

तिसरा आधार ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात ‘अनुचित करार’ ही कल्पना आली. कलम २(४६) मधली उदाहरणे वाचताना वाटते की कोणी लग्नाचे कोटेशन समोर ठेवूनच ती लिहिली: ग्राहकाने करार मोडल्यास होणाऱ्या नुकसानाच्या मानाने अवास्तव दंड, वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा, ग्राहकाच्या संमतीशिवाय आणि त्याच्या हिताला बाधा येईल अशा रीतीने करार दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची मुभा. हे शेवटचे फार घडते. इन्स्टाग्रामवर ज्याचे काम पाहून बुकिंग केले तो माणूस लग्नाला येत नाही, त्याच्या स्टुडिओचे नाव छापलेला टी-शर्ट घालून दुसराच कोणी येतो. करारात ‘टीम बदलण्याचा अधिकार स्टुडिओकडे राहील’ असे असते. असा बदल सांगून, विचारून, आणि नको असेल तर पूर्ण परताव्यासह नकार देण्याची सोय ठेवून झाला तर हरकत नाही. मुंडावळ्या बांधून झाल्यावर कळला तर ती फसवणूकच.

घरबांधणीच्या क्षेत्रात ही तत्त्वे कशी वापरली गेली ते पाहण्यासारखे आहे, कारण बुकिंग रद्द केल्यावर कपात किती, हाच प्रश्न तिथेही असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक सदनिका रद्द केल्याचे प्रकरण आले. बिल्डरच्या करारात मूळ किमतीच्या २० टक्के जप्तीची अट होती. करार एकतर्फी आहे असे ठरवून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कपात १० टक्क्यांवर आणली होती. न्यायालयाने ती कपात कायम ठेवली. सदनिका आणि लग्न यांत फरक आहे, सदनिका पुढच्या वर्षीही विकता येते आणि गेलेला मुहूर्त विकता येत नाही. म्हणून १० टक्के हा आकडा जसाच्या तसा उचलू नये. विचाराची दिशा मात्र तीच आहे.

रद्द होण्याची कारणे सारखी नसतात

एकाच ओळीत सगळी कारणे कोंबणे हा या व्यवहारातला मला सर्वांत मोठा दोष वाटतो. प्रत्येक प्रकार वेगळा पाहू.

घरात मृत्यू झाला, सुतक आले, लग्न पुढे गेले. हे रद्द होणे नव्हेच, ही तारीख ढकलणे आहे. बहुतेक फोटोग्राफर अशा वेळी माणुसकीने वागतात आणि घेतलेले पैसे नव्या तारखेला लावतात. पण कागदावर तसे नसते. शिवाय नवी तारीख त्याच्याकडे रिकामी नसली की खरी अडचण येते. ग्राहक म्हणतो, मी तर रद्द केले नाही. फोटोग्राफर म्हणतो, मीही नकार दिला नाही, तारीखच नाही. दोघेही खरे बोलतात. अशा वेळी दोष कोणाचाच नसल्याने, झालेला प्रत्यक्ष खर्च वजा करून बाकी परत द्यावी, अशी अट सर्वांत न्याय्य. सोबत दोन गोष्टी लिहाव्यात: नवी तारीख किती महिन्यांच्या आत हवी, आणि पुढच्या हंगामात दर वाढले तर जुना दर चालेल का. यावर आधी न बोलल्यामुळे पुढे कटुता येते.

सोयरीक मोडली तर कायद्याच्या भाषेत करार ग्राहकाने मोडला. फोटोग्राफरला वाजवी भरपाईचा हक्क आहे. पण इथे एक प्रश्न उठतो जो कोटेशनमध्ये कधीच नसतो: परतावा कोणाला? आता अनेक घरी खर्च अर्धा-अर्धा असतो. बुकिंग मुलाच्या नावाने, पैसे मुलीच्या वडिलांच्या खात्यातून, असेही होते. मोडलेल्या सोयरिकीनंतर दोन्हीकडून फोन सुरू झाले की फोटोग्राफर सापडतो मध्येच. ज्या खात्यातून जितके आले त्या खात्यात त्या प्रमाणात परत जाईल, एवढे एक वाक्य आधीच लिहून ठेवले तर तिघांचाही मनस्ताप वाचतो.

प्री-वेडिंग शूट झालेले असेल तर त्याचे पैसे परत मागणे रास्त नाही, ते काम झाले आहे. मात्र ते फोटो? स्वामित्व हक्क कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणी आपल्यासाठी काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक तो मोबदला देणारा असतो, उलट करार नसेल तर. बहुतेक स्टुडिओ उलट करार करून घेतात, जाहिरातीसाठी वापरण्याची परवानगी त्यात असते. सोयरीक मोडल्यावर त्या मुलीचा त्या मुलासोबतचा फोटो स्टुडिओच्या पानावर वर्षभर झळकत राहणे ही क्रूर गोष्ट आहे. ‘लग्न रद्द झाल्यास सर्व समाजमाध्यमांवरून फोटो सात दिवसांत काढले जातील’ ही अट मी परताव्याच्या अटींइतकीच महत्त्वाची मानतो.

फोटोग्राफरनेच पाठ फिरवली, तर? याबद्दल कोटेशन बहुधा मूक असते, किंवा ‘स्टुडिओची जबाबदारी घेतलेल्या रकमेपुरती मर्यादित राहील’ असे म्हणते. आजारपण, अपघात समजण्यासारखे आहे. मोठ्या पॅकेजचे काम आल्यामुळे लहान काम सोडणे समजण्यासारखे नाही, आणि तेही घडते. करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे होणारे नुकसान भरून द्यावे लागते. ऐनवेळी दुसरा फोटोग्राफर वीस-पंचवीस हजार जास्त देऊन घ्यावा लागला तर तो फरक हे असेच नुकसान. तेव्हा नुसता अ‍ॅडव्हान्स परत करून सुटका होत नाही. ग्राहकाने रद्द केले तर कपात आणि स्टुडिओने रद्द केले तर फक्त ‘क्षमस्व’, हा असमतोल करारातून काढून टाकायला हवा. ऑनलाइन मंचांपुरता सरकारने तो काढलाही आहे: २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ई-कॉमर्स संस्था स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तसाच आकार सोसणार नसेल, तर ग्राहकाकडून रद्द करण्याचा आकार घेऊ शकत नाही. ओळखीतल्या स्टुडिओशी बोलतानाही हाच न्याय मागायला काय हरकत आहे?

सरकारी बंदीचा धडा कोविडने दिला. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि त्या उन्हाळ्याची लग्ने कोलमडली. नंतर पन्नास माणसांची मुभा आली. महाराष्ट्रात २२ एप्रिल २०२१ पासून तर एकाच हॉलमध्ये, दोन तासांत, पंचवीस माणसांत लग्न उरकण्याचा आदेश होता, मोडल्यास पन्नास हजार रुपये दंड. कायद्याच्या दृष्टीने हे दोन टप्पे वेगळे आहेत. पूर्ण टाळेबंदीत ठरलेल्या तारखेचे काम करणेच बेकायदा होते. कलम ५६ प्रमाणे असा करार रद्दबातल होतो आणि कलम ६५ प्रमाणे घेतलेला लाभ परत करावा लागतो. ‘परतावा नाही’ ही ओळ तिथे आड येऊ नये. पंचवीस माणसांच्या टप्प्यात मात्र लग्न करता येत होते, फोटो काढता येत होते. तीन दिवसांचे पॅकेज दोन तासांवर आले, म्हणून मोबदला कमी व्हायला हवा होता. पण ‘आम्हाला असे लग्न नको’ म्हणून थांबणाऱ्याला अशक्यतेचे कलम तितके सहज मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्येच सांगून ठेवले आहे की कराराचा पायाच उखडला गेला का, हे पाहायचे. केवळ व्यवहार गैरसोयीचा झाला एवढे पुरेसे नाही. त्या दोन वर्षांत बहुतेकांनी सामोपचाराने तारखा पुढे नेल्या. फोटोग्राफरांच्या कमाईचा ऐन हंगाम बुडाला होता हेही विसरून चालणार नाही. चूक झाली ती ज्यांनी ना पैसे दिले ना नवी तारीख, त्यांची.

कार्यक्रम कमी होण्याबद्दल थोडक्यात. संगीत रद्द झाले, हळद घरच्या घरी करायची ठरली, तर पॅकेजमधून किती वजा होणार हे कळण्यासाठी पॅकेजची फोड कार्यक्रमवार मागून घ्यावी. गोव्यातले किंवा महाबळेश्वरचे लग्न असेल तर टीमची तिकिटे, राहणे यांचे पैसे वेगळे धरावेत आणि कपात फक्त पावती दाखवल्यावर व्हावी.

न्याय्य अट कशी दिसते

समजा पॅकेज दीड लाखाचे आहे आणि बुकिंगला पन्नास हजार दिले आहेत. माझ्या मते यातले दहा-पंधरा हजार तारीख राखण्याचे शुल्क म्हणून फोटोग्राफरकडे राहायला हरकत नाही, लग्न कधीही रद्द झाले तरी. त्याने तारीख अडवली, चौकश्या परत पाठवल्या, याची ती किंमत. उरलेले पस्तीस-चाळीस हजार वेळेच्या पायऱ्यांनी ठरावेत: सहा महिन्यांहून आधी रद्द केले तर सगळे परत, सहा ते दोन महिन्यांच्या दरम्यान निम्मे, दोन महिन्यांच्या आत काही नाही. त्यावर एक महत्त्वाची पुस्ती: तीच तारीख दुसऱ्या कामाला तितक्याच किमतीत गेली तर राखण्याचे शुल्क सोडून बाकी सगळे परत. कलम ७३ च्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे की नुकसान मोजताना ते टाळण्यासाठी हाताशी असलेले उपाय लक्षात घ्यायचे. रिकामी झालेली तारीख पुन्हा भरण्याचा प्रयत्न फोटोग्राफरने करायचा असतो, ती तशीच ठेवून पूर्ण रक्कम मागता येत नाही.

शेवटच्या पंधरवड्यात रद्द झाले तर काही स्टुडिओ उरलेले एक लाखही मागतात. तिथे हिशेब नीट मांडावा. दीड लाखांत अल्बमची छपाई आहे, एडिटिंगचे आठवडे आहेत, पेन ड्राइव्ह, फ्रेम आहेत. लग्नच झाले नाही तर यातला खर्च वाचला. वाचलेला खर्च वजा केल्याशिवाय ‘पूर्ण पॅकेज’ हे नुकसान म्हणता येत नाही.

हे सगळे स्टँप पेपरवर व्हायला हवे असे नाही. तालुक्याच्या गावी आजही ‘दादा, वीस तारीख धरून ठेवा’ एवढ्या फोनवर काम ठरते, आणि तो तोंडी करारही करारच असतो. अडचण पुराव्याची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मुळे इलेक्ट्रॉनिक निरोपांतून झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक नेटका निरोपही उपयोगी पडतो. असा: ‘वीस तारखेच्या लग्नासाठी पन्नास हजार यूपीआयने पाठवले. यात पंधरा हजार तारीख राखण्याचे. तारीख बदलली तर वर्षाच्या आत याच दराने. रद्द केले तर आपले ठरल्याप्रमाणे. तुम्हाला जमले नाही तर पूर्ण रक्कम आणि दुसरा फोटोग्राफर घेण्यातला फरक तुमच्याकडे. मान्य असल्यास कळवा.’ समोरून ‘मान्य’ आले की काम झाले. ते संभाषण पुसू नये आणि शक्य तर फोनही जपावा, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.

जीएसटीवरूनही फसगत होते. ‘तुमच्या पन्नास हजारांवरचे नऊ हजार सरकारजमा झाले, ते आता मिळणार नाहीत’ असे उत्तर काही ग्राहकांना मिळते. ते बरोबर नाही. सेवेच्या अ‍ॅडव्हान्सवर कर भरावा लागतो हे खरे, पण सेवा दिलीच नाही आणि बिलही फाडले नाही, तर नोंदणीकृत व्यावसायिकाला परताव्याचे व्हाउचर देऊन तो कर जुळवून घेता येतो. त्याने जी रक्कम रद्द करण्याचा आकार म्हणून ठेवली, तिच्यावर कर लागतो. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात हे आले आहे. म्हणून परत मिळणाऱ्या भागाचा कर परत मागावा, ठेवलेल्या भागाचा मागू नये. आणि ज्या फोटोग्राफरची जीएसटी नोंदणीच नाही, त्याने तो आकारायचाच नसतो.

बोलणे थांबल्यावर

पहिली पायरी लेखी मागणी, रकमेची फोड करून. कपातीचा हिशेब मागावा; ‘धोरण आहे’ हा हिशेब नव्हे. स्टुडिओ ‘पैसे नाहीत, पुढच्या कार्यक्रमासाठी क्रेडिट ठेवतो’ म्हणाला आणि करारात तसे ठरलेले नसेल, तर ते स्वीकारण्याचे बंधन नाही. त्यानंतर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथून स्टुडिओला विचारणा जाते, आणि पुष्कळदा तेवढ्याने तडजोड होते.

नाही झाली तर जिल्हा ग्राहक आयोग. पन्नास लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे तिथे जातात, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते. सोलापूरच्या घराने पुण्याचा स्टुडिओ घेतला असेल तरी सोलापुरात. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो: एखादी अट ‘अनुचित करार’ म्हणून रद्दबातल ठरवून घ्यायची असेल तर ती तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते, जिल्हा आयोगाकडे तो अधिकार दिलेला नाही. सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा म्हणून परतावा मागायचा असेल तर जिल्हा आयोग पुरेसा आहे. पन्नास हजारांच्या भांडणात म्हणूनच दुसरा मार्ग धरावा. सेवेत त्रुटी निघाल्यावर पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, पैसे परत न करणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती किंवा बिल न देणे हीसुद्धा.

फोटोग्राफरला असा आयोग नाही. ग्राहकाने ऐनवेळी काम रद्द केले आणि पैसे बुडवले तर त्याला दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि तीस-चाळीस हजारांसाठी ते परवडत नाही. हातात असलेला अ‍ॅडव्हान्स हेच त्याचे एकमेव संरक्षण असते. ‘परत मिळणार नाही’ ही ओळ बहुतांशी या भीतीतून आली आहे आणि ती भीती खरी आहे. पण त्या ओळीने त्याचे रक्षणही नीट होत नाही. आयोगासमोर त्याला नुकसान दाखवावे लागणारच. कोणत्या फ्रीलान्सरला किती दिले त्याच्या नोंदी, त्या तारखेला नाकारलेल्या चौकश्यांचे निरोप, तिकिटांच्या पावत्या, आणि वेळेच्या पायऱ्यांवर ग्राहकाने दिलेली मान्यता ज्याने जपली आहे, त्याची कपात तिथे टिकण्याची शक्यता बरीच अधिक आहे.